फाइल कुठे अडते? सरकारी कचेरी आणि विकास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे गावात, नातेवाइकांत आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवरही कचेरीबद्दलचे प्रश्न माझ्याकडे येतात. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच नीट लिहून काढली. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत, कारण जवळून पाहिलेली कचेरी तीच.

विकास म्हणजे धरणं, रस्ते, कारखाने. त्यात कारकुनाचा काय संबंध?

धरणाची घोषणा मुंबईत होते, पण धरणात जाणाऱ्या जमिनीचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असतो. त्यावर वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचंच नाव असेल, तर मोबदल्याचा चेक कोणाच्या नावाने काढायचा? मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, पण नॉन-क्रिमीलेयर दाखला मुदतीत हातात पडला नाही, तर तिच्यासाठी आरक्षणाचं धोरण कागदावरच राहतं. जून महिन्यात कुठल्याही सेतू केंद्रासमोर अर्धा तास उभे राहा. देशाच्या प्रगतीबद्दल भाषणांतून कळत नाही ते तिथे कळतं.

ही यंत्रणा इंग्रजांनी वसुलीसाठी उभी केली होती. विकासाचं काम तिच्याच गळ्यात का घातलं?

कलेक्टर या नावातच वसुली आहे, हे खरं. सारा गोळा करायचा, शांतता राखायची आणि लंडनला खबर द्यायची. 1855 पासून आयसीएसची, म्हणजे इंग्रजांच्या सर्वांत वरच्या मुलकी सेवेची, परीक्षा लंडनमध्ये व्हायची, ती हिंदुस्थानात द्यायची सोय व्हायला 1922 उजाडलं. तरीही आपली माणसं त्यात शिरली. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख 1918 साली आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. परक्यांच्या चाकरीत तयार झालेला माणूस कुठवर जाऊ शकतो, याचं हे उदाहरण.

स्वातंत्र्य आलं तेव्हा फाळणी, निर्वासित, संस्थानांचं विलीनीकरण आणि अन्नटंचाई एकदमच अंगावर आली. ही यंत्रणा मोडून नवी उभारायला उसंतच नव्हती. वल्लभभाई पटेलांनी 10 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत या सेवांची ठाम बाजू घेतली आणि कलम 311 ने नोकरीला संरक्षण मिळालं: रीतसर चौकशी केल्याशिवाय बडतर्फी नाही.

खाली गावात मात्र मोठा बदल झाला आणि त्याची आठवण फारशी निघत नाही. कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली. गावचं दप्तर एका घराण्याच्या माजघरातून निघून पगारी, बदली होणाऱ्या माणसाच्या हाती आलं. माझ्या मते साठ-सत्तर वर्षांत गावपातळीवर झालेली ही सर्वांत मोठी प्रशासकीय सुधारणा आहे.

कलेक्टर मोठा की झेडपीचा सीईओ (जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी)?

दोघंही बहुतेक वेळा आयएएस असतात, कामं वेगळी. 1952 च्या 2 ऑक्टोबरला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि तालुक्याला बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, आला. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. शाळा, आरोग्य केंद्रं आणि गावरस्ते तिकडे गेले. जमीन, महसूल, निवडणूक आणि आपत्ती कलेक्टरकडे राहिली. जिल्ह्यात मान कुणाला जास्त, हे 26 जानेवारीच्या झेंडावंदनाला खुर्च्यांच्या रांगेवरून ओळखावं.

आणि तलाठी, ग्रामसेवक?

जमिनीचं काम असेल तर तलाठी. जन्म-मृत्यू नोंद, घरपट्टी, पाणीपट्टी, घरकुल असेल तर ग्रामसेवक. 2024 मध्ये त्यांची पदनामं अनुक्रमे ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली. गावात अजून कुणी तसं म्हणत नाही. गोव्यात गेलात तर सातबाऱ्याऐवजी एक-चौदाचा उतारा मागा, आणि तहसीलदाराऐवजी मामलतदार शोधा. हा जुना शब्द त्यांनी जपला आहे.

एक फाइल खरोखर किती टेबलांवरून जाते?

जिल्हा परिषद शाळेच्या एका खोलीचं उदाहरण घेऊ. भिंतीला तडा गेलाय, पावसात पत्र्यातून पाणी गळतंय. मुख्याध्यापक गटशिक्षणाधिकाऱ्याला पत्र देतात. पण जुनी खोली अशीच पाडता येत नाही, ती सरकारी मालमत्ता आहे. आधी निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव. त्यासाठी बांधकामच्या अभियंत्याने खोली पाहून ती धोकादायक असल्याचा दाखला द्यायचा. तो यायचा दिवस ठरतो, त्याच दिवशी त्याला मंत्र्यांच्या दौऱ्याला जावं लागतं. दाखला मिळाला की निर्लेखनाची मंजुरी. मग नव्या खोलीचं अंदाजपत्रक. मग जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात नाव. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे ‘काम करायला हरकत नाही’. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे ‘हिशेब बरोबर आहे’. मग निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, देयक आणि शेवटी लेखा विभाग.

यातला एकही टप्पा मूर्खपणाचा नाही. प्रत्येकामागे कधीतरी झालेला एखादा घोटाळा आहे. कुणीतरी चांगली खोली पाडून वासे विकले असतील, म्हणून निर्लेखन आलं. कुणीतरी न बांधलेल्या भिंतीचे पैसे उचलले असतील, म्हणून मोजमाप पुस्तिका आली. जुना टप्पा काढून टाकणारा आदेश मात्र क्वचितच निघतो. तडा गेला तेव्हा पहिलीत असलेली पोरं खोली होईपर्यंत चौथी पास होऊन जातात.

मार्चमध्ये कचेऱ्या रात्री उशिरापर्यंत उघड्या का असतात?

31 मार्चला न खर्चलेला निधी परत जातो. आणि निधी मुळात येतो उशिरा, बऱ्याचदा जानेवारी-फेब्रुवारीत. मग दहा महिने झोपलेली फाइल दहा दिवसांत धावते. त्या धावपळीत काय खरेदी होतं, ते एप्रिलमध्ये गोदामात जाऊन बघावं.

फाइल अडवतात ती पैसे खायलाच ना?

काही वेळा होय, आणि त्याला पांघरूण घालायचं कारण नाही. कुणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. मात्र तुम्हाला भाग पाडलं गेलं असेल आणि तुम्ही सात दिवसांत कळवलंत, तर संरक्षण मिळतं. हे सात दिवस पुष्कळांना माहीत नसतात.

पण माझ्या पाहण्यात फाइल अडण्याचं मोठं कारण भीती आहे. सही केली आणि पुढे काही निघालं, तर लेखापरीक्षणाचा आक्षेप, खुलासा, विभागीय चौकशी. निवृत्तीच्या वेळी ‘ना चौकशी’ दाखला अडला की पेन्शन लोंबकळते. वडिलांच्या एका सहकाऱ्याने दुष्काळात चाऱ्याच्या बिलावर घाईने सही केली होती. बिल खरं होतं, एक पावती कमी होती. ते प्रकरण निवृत्तीनंतरही त्याच्यामागे होतं. वडील म्हणायचे, “सही केली म्हणून चौकशी लागलेले पुष्कळ पाहिले. सही केली नाही म्हणून लागलेला एकही पाहिला नाही.”

म्हणून ‘त्रुटी काढणं’ ही कला जन्माला आली. प्रस्ताव नाकारायचा नाही, मंजूरही करायचा नाही. ‘परिशिष्ट ब ची साक्षांकित प्रत जोडून फेरसादर करावे’ असं लिहिलं की फाइल आपल्या टेबलावरून गेली आणि आपण सुरक्षित. सगळ्या त्रुटी एकदम कळवाव्यात, असा साधा नियम पाळला गेला तरी अर्ध्या फेऱ्या वाचतील.

मग हेच लोक निवडणूक एवढी चोख कशी पार पाडतात?

सर्वांत चांगला प्रश्न हाच आहे, आणि बाकी सगळी उत्तरं याच्याभोवती फिरतात.

मतदानाच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन बघा. तोच ग्रामसेवक, तोच प्राथमिक शिक्षक, तोच पाटबंधारेचा कारकून. यंत्रं मोजून घेतायत, पिशवीतलं सामान यादीशी ताडून बघतायत, एसटीत बसून वाडीवर मुक्कामाला जातायत. ‘उद्या या’ कुणीच म्हणत नाही. कारण तारीख ठरलेली आहे, काम काय ते पुस्तिकेत छापलेलं आहे, हुकूम एकाच ठिकाणाहून येतो, पैसा आधी आलेला असतो आणि चूक कुणाची ते संध्याकाळपर्यंत कळतं.

दुष्काळ, पूर, भूकंप यांतही तेच. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत गावंच्या गावं नव्याने वसवली गेली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी (टाकीचे डबे), पाच लाख लिटर. मिरजेत पाणी उचलण्यापासून लातुरात टँकर भरण्यापर्यंत किती खाती त्यात होती! सगळ्यांनी रात्रंदिवस काम केलं, आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं.

आता त्याची दुसरी बाजू. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर खोदण्यावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्रात 1993 पासून होता. तो पाळला जातोय का, हे बघायला कुणी रोज शिवारात फिरायचं? ते काम कंटाळवाणं, भांडणाचं आणि शेजाऱ्याशी वैर घेण्याचं. बोअर थांबवलं म्हणून पेपरात फोटो येत नाही, आणि मतदारही रागावतो. रेल्वे आणणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. रेल्वेची वेळच येऊ नये म्हणून तेवीस वर्षं रोज थोडं थोडं काम करणारी नाही. मोहिमेत आपण पहिले, रोजच्या कामात नापास.

आपल्या चांगल्या योजनांनाही ‘अभियान’ नाव पडतं ते उगाच नाही. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना 2000-01 मध्ये सुरू झालेलं गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान हे त्यातलं उत्तम. खर्च थोडा, गावागावांत चढाओढ आणि तपासणीची ठरलेली तारीख. समिती येऊन गेल्यावर किती गावांतल्या हागणदाऱ्या पुन्हा सुरू झाल्या, ते गावकऱ्यांनाच विचारा.

रोजचं काम नीट जमल्याचं एखादं तरी उदाहरण?

आहे, आणि अस्सल महाराष्ट्राचं आहे: रोजगार हमी.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात प्रयोग झाला. मग 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव. खायला मिलो (आयात केलेली ज्वारी) आणि सुकडी (वाटपाचं कोरडं पौष्टिक खाणं). त्या पिढीच्या म्हाताऱ्या आजही सुकडीचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, पण जगलो त्यावरच, हेही सांगतात.

दुष्काळ सरल्यावर असं काम बंद होतं, ही जगाची रीत. इथे ते कायद्यात घातलं गेलं. 1977 मध्ये विधिमंडळात कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. पैसा कुठून? मुख्यतः व्यवसाय करातून. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला कर बीडच्या मजुराच्या हजेरीपटावर जात होता.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मागणीची बाजू फिरवली होती. साहेबाने ठरवायचं नाही, मजुराने मागायचं. साहेबाकडे तयार कामांची यादी ‘शेल्फ’वर असायलाच हवी, कारण मागणी कधी येईल ते त्याच्या हातात नव्हतं. खोटी हजेरीपटं झाली, मेलेली माणसं कामावर दाखवली गेली, अपुरे तलाव राहिले, सगळं झालं. तरी ‘अर्ज केलाय, काम द्या’ म्हणत बायका तहसीलवर मोर्चा नेऊ शकत होत्या, आणि तहसीलदाराला उत्तर द्यावं लागत होतं. 2005 च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याची मुळं इथे आहेत.

बदल्यांमुळे काय बिघडतं?

तालुका समजायला एक पावसाळा आणि एक उन्हाळा लागतो. तेवढ्यात बदली होते. 2005 च्या कायद्याने साधारण तीन वर्षांचा कालावधी आणि एप्रिल-मे हा हंगाम ठरवला. अपवाद करायचा तर कारणं लेखी द्यायची. अपवादच इतके झाले की मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) बदल्यांच्या प्रकरणांची रीघ असते. सर्वोच्च न्यायालयानेही 31 ऑक्टोबर 2013 च्या निकालात ठरावीक कालावधी, नागरी सेवा मंडळं आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद यांवर भर दिला. चांगल्या अधिकाऱ्याची पद्धत त्याच्याबरोबरच गाडीत बसून जाते. अहमदनगरला कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकात कचेरीतली बसण्याची व्यवस्था, दप्तराची मांडणी आणि निपटाऱ्याच्या वेळा बदलल्या. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून बाकी जिल्हे ते बघायला यायचे. पाहुणे आले, अहवाल लिहिले, परत जाऊन जुन्याच खुर्च्यांवर बसले.

माणसं जास्त झालीत की कमी?

मंत्रालयाचा जिना चढताना जास्त वाटतात, गावात कमी पडतात. एका तलाठ्याकडे दोन-तीन सज्जे (तलाठ्याच्या कामाची हद्द), म्हणून तो ‘आज दुसऱ्या गावाला’ असतो. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांहून अधिक अर्ज आले. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत पोरं चहा-पोह्यावर दिवस काढतायत आणि तिकडे सज्जा प्रभारीवर चाललाय. हे एकाच राज्यात, एकाच वेळी.

बाहेरचे तज्ज्ञ आणले तर?

केंद्राने 2018 मध्ये सहसचिव पातळीवर थेट भरती सुरू केली. ऑगस्ट 2024 मध्ये 45 जागांची जाहिरात आरक्षणाच्या वादात मागे घेतली. वरच्या धोरणासाठी थोडेफार तज्ज्ञ उपयोगी पडतील. तलाठ्यांवर देखरेख करणाऱ्या मंडळ अधिकाऱ्याचं काम मात्र कुठल्या सल्लागार कंपनीतून येऊन होणार नाही.

सगळं ऑनलाइन झालंय ना आता?

पुष्कळ झालंय. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली, मजलेच्या मजले फायलींसकट जळाले. त्यानंतर ई-ऑफिसला खरी गती आली. सातबारा घरबसल्या डिजिटल सहीचा मिळतो, ही साधी गोष्ट नाही. आमच्या वडिलांच्या काळात त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडायची.

पण आमच्याच घरचं सांगतो. आजोबा वारल्यावर वारस नोंदीचा अर्ज केला. फेरफार पडला, नोटिसीचे पंधरा दिवस गेले, आणि नोंद रद्द. कारण? आत्याचं नाव एका कागदावर ‘कोंडाबाई’, दुसऱ्यावर ‘कोंडाबाइ’, आणि आधारवर सासरचंच नाव. वेलांटी पहिली की दुसरी, यावर अडलं. प्रतिज्ञापत्र केलं, पोलीस पाटलाचा दाखला जोडला, पुन्हा अर्ज. तोवर तलाठी बदलले. पूर्वी तलाठी आत्याला ओळखायचा, विचारून दुरुस्त करायचा. संगणक कुणाला ओळखत नाही. त्यामुळे वशिला कमी झाला, तसा समजूतदारपणाही. एकंदरीत सौदा फायद्याचाच आहे, पण ज्याची वेलांटी चुकलीय त्याला ते पटवून देता येत नाही.

सरकारी मराठी इतकी अवघड का?

1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठी आली, पण ती इंग्रजी टिपणीचे कपडे घालून आली. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ एवढं वाचेपर्यंत माणूस दमतो. आणि ‘कळविण्यात येते’ यात कळवणारा कोण, हे कधीच कळत नाही. बहुधा हेतू तोच असावा.

माझी फाइल अडलीय. आता काय करू?

भांडू नका, आधी कागद धरा. अर्ज आवक शाखेत द्या आणि शिक्का, तारीख, क्रमांक असलेली पोच घ्या. टेबलावर ठेवून आलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

सेवा अधिसूचित, म्हणजे सरकारने या कायद्याखाली जाहीर केलेली, आहे का बघा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार अशा सेवांना मुदत असते, आणि ती कचेरीच्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. मुदत टळली तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि मग लोकसेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण सेवापुस्तकावर डाग नको म्हणून अपिलाचा कागद दिसताच फाइल हलते, असा अनुभव आहे.

सेवा अधिसूचित नसेल तर दप्तरदिरंगाईचा कायदा, म्हणजे तोच 2005 चा बदल्यांचा कायदा, कामी येतो. त्याच्या कलम 10 प्रमाणे साधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. अर्जात कलमाचा उल्लेख करा.

आणि माहितीच्या अधिकारात ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं विचारू नका. ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच उत्तर येईल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून असं मागा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणी भागाची (कर्मचाऱ्यांनी फाइलवर लिहिलेल्या शेऱ्यांची) प्रत, तो ज्या ज्या कर्मचाऱ्याकडे गेला त्याचं नाव, पदनाम, मिळाल्याची तारीख आणि पुढे पाठवल्याची तारीख. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. टिपणीवर कुणाच्या सहीखाली किती तारखांची रिकामी जागा आहे ते दिसलं, की कोणाला भेटायचं ते आपोआप समजतं. जाताना मंगळवार-बुधवार गाठा. सोमवारी बैठका असतात, आणि शुक्रवारी दुपारनंतर साहेब गावाकडे निघालेले असतात.